डावा कान पांढरा

गेल्या वर्षभरात त्याला एकदाच वाईट जेवण मिळालं होतं, आणि त्यानेच त्याची झोप उडाली होती. दुसऱ्या कुणाच्या वाट्याला हे सुख आलं असतं तर त्याने पोटावरून हात फिरवत ढेकर दिली असती. पण हा माणूस हौसेने खात नव्हता, पोटापाण्यासाठी खात होता. हॉटेलांची आणि वाइनची पारख करणारं एक जाडजूड पुस्तक वर्षातून एकदा निघे, त्याचा तो परीक्षक होता. पुस्तकात नाव आलं की हॉटेलवाल्याचं भलं होई, नाव गेलं की त्याचे बारा वाजत. बावीस वर्षं तो खोट्या नावाने टेबल राखून ठेवत होता, निमूट जेवत होता, आणि हात धुवायला म्हणून आत जाऊन चिठोऱ्यावर चार ओळी खरडत होता. आपण कोण याचा त्याने कुणाला थांग लागू दिला नव्हता. चेहराही या कामासाठी मुद्दाम घडवून घेतल्यासारखा होता. शेजारी राहणारी माणसंसुद्धा त्याला जिन्यात विचारत, नवीन आलात का? इतर माणसं अशाने खट्टू होतात. हा मनातून फुलून यायचा.

बावीस वर्षांचा त्याचा अनुभव असा, की दहा जेवणांत चार बरी निघतात, चार बेताची, आणि दोन बघून स्वयंपाक्याला समोर बसवून तेच खायला घालावंसं वाटतं. या वर्षी एक्केचाळीस ठिकाणी जेवला, त्यांतली चाळीस उत्तम. मासा कुठे जास्त शिजला नाही, पाव कुठे शिळा निघाला नाही, वाइन तर एकाहून एक सरस. सुरुवातीला तो खूश झाला. मग जरा चपापला. मग रात्री उठून पाणी प्यायला लागला. सगळंच चांगलं लागतंय याचा अर्थ एकच, आपली जीभ गेली. हल्ली तो रोज सकाळी तीन पेल्यांत साखर, मीठ आणि लिंबू कालवून डोळे मिटून चाखत असे. तिन्ही बरोबर ओळखायचा आणि तरी समाधान व्हायचं नाही. साखर काय, मुंगीलाही ओळखते.

बरोबर कुत्रा होता तो ढब्बू. तो मुळात ताईचा. ताई मुलीकडे राहायला गेली, तिथे नातवाला कुत्र्याच्या केसांनी शिंका येत, म्हणून गेल्या वर्षी तिने ढब्बूला धाकट्या भावाच्या गळ्यात बांधलं. वर शहाणपणही शिकवलं, की एकटा माणूस ताटाकडे टक लावून बसला की कुणालाही संशय येईल, कुत्रा असला की लोक कुत्र्याकडे बघतात. ताईचं म्हणणं नेहमीप्रमाणे खरं ठरलं, फक्त तिला वाटलं होतं तसं नाही. ढब्बू तपकिरी, गुबगुबीत, डावा कान तेवढा पांढरा. गाडीत शेजारच्या सीटवर बसून तो खिडकीबाहेर असं बघायचा, जसा काही अहवाल त्यालाच लिहायचाय. त्याला घेऊन फिरायला लागल्यापासून जग जरा मऊ झाल्यासारखं वाटत होतं. 'कुत्र्यांना प्रवेश नाही' अशी पाटी लावलेल्या दारातही लोक हसून या म्हणायचे.

त्या दिवशी दुपारी ते वर्षातल्या शेवटच्या ठिकाणी आले. द्राक्षमळ्याला लागूनच जेवणघर होतं. पुस्तक दुसऱ्या दिवशी छापायला जाणार होतं आणि संध्याकाळपर्यंत संपादकाला शेवटची यादी हवी होती. रस्ताभर त्याची घालमेल चालली होती. जीभ गेली असेल तर चाळीस अहवाल कचऱ्यात जायला हवेत, आणि तसं सांगितलं तर आपणही त्यांच्याबरोबर जाणार. न सांगावं, तर बावीस वर्षं कशासाठी केली?

टेबलाशी बसायच्या आधीच ढब्बूसाठी पाण्याची वाटी आली. मागोमाग गादीही आली. वाढपीण बाई ढब्बूकडे बघून हसली, याच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. वाइन आली. त्याने ग्लास फिरवला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि शेजारच्या भांड्यात थुंकला. सुरेख होती. त्याला रडू यायचं बाकी राहिलं. एक पाय टेबलाखाली आपोआप हलत होता. त्याने खुर्ची बदलली, खिडकीकडे तोंड केलं, पुन्हा पहिल्या खुर्चीवर आला. भाजलेली कोंबडी आली, तीही सुरेख. तो उठला आणि हात धुवायला निघाला.

स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. दाराच्या आतल्या अंगाला एक कागद टाचलेला होता आणि त्यावर पेनाने काढलेलं कुत्र्याचं चित्र होतं. खाली मजकूर होता: 'तपकिरी कुत्रा, डावा कान पांढरा. बरोबर पुस्तकवाले परीक्षक. त्यांचा चेहरा लक्षात राहत नाही, कुत्रा बघा. वाचून एक नक्कल पुढच्या हॉटेलात पाठवा.' त्याखाली वेगळ्या शाईत कुणीतरी लिहिलं होतं: 'यांना आपल्या घरच्या पिंपातली वाइन. कोंबडी मालकिणीने स्वतः करावी.'

कागदावर तारीख होती, वर्षापूर्वीची. ढब्बूला गाडीत घेऊन पुरता महिनाही झाला नव्हता तेव्हाची.

तो हात न धुताच परत आला. शेजारच्या टेबलावर एक नवराबायको, याला आली होती त्याच नावाच्या बाटलीतली वाइन पीत होते. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. त्या बाईजवळ वाकून, एक घोट चाखायला मिळेल का, असं विचारलं. बाईने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने ढब्बूकडे पाहिलं, आणि बहुधा वेड्याच्या नादी लागू नये म्हणून तिने ग्लास पुढे सरकवला. वाइन कच्ची होती, आंबट, आणि मागून ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येत होती. अगदी वाईट होती. त्याचा जीव भांड्यात पडला. जीभ शाबूत होती, धडधाकट होती, बावीस वर्षांपूर्वी होती तशीच होती. त्या भल्या बाईचे त्याने इतक्यांदा आभार मानले की नवऱ्याने बिल मागवलं.

आनंद गाडीपर्यंत टिकला. गाडीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की जीभ शाबूत आहे म्हणजे आजचं सोडलं तरी चाळीस जणांनी आपल्याला बनवलंय. आणि एक्केचाळिसावं? चौफुलीवर मायलेकी चालवतात ते छोटंसं जेवणघर. आठ महिन्यांपूर्वी तिथे सूप खारट लागलं होतं आणि त्याने लिहिलं होतं, 'सूप खारट, स्वयंपाकात लक्ष नाही, नाव काढावं.' उद्या छापल्या जाणाऱ्या पुस्तकातून ते नाव गेलेलं असणार होतं. बिचाऱ्यांना कुणी कागद पाठवलाच नसेल. लबाड होते ते सगळे पुस्तकात आणि ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्या तेवढ्या बाहेर.

त्याने संपादकाला फोन लावला. संपादकाने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "कुत्रा ताईकडे परत दे आणि तोंड बंद ठेव. चाळीस पानं आता कुठून आणू मी?"

विचार करून सांगतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला. गाडी चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. ढब्बूने त्याच्याकडे वैतागून बघितलं. चौफुली तासाभराच्या अंतरावर होती. एवढ्या वाटेत तो दोनदा चुकला. एकदा तर उगाचच थांबून टायर बघत उभा राहिला.

चौफुलीवरच्या जेवणघरात दोनच टेबलं भरलेली होती. दारात आई उभी होती, हात पिठाने माखलेले. कुत्रा आत चालणार नाही, पायरीपाशी बांधा, म्हणाली. वर्षभरात हे फक्त याच दारात कुणीतरी बोललं होतं, मागच्या वेळीही. ढब्बूला तर तो अपमानच वाटला असावा, पण मुलीने बादलीतलं पाणी पुढे ठेवलं तेव्हा प्यायला. परीक्षक खिडकीजवळच्या, मागच्या वेळच्याच टेबलाशी बसला आणि सूप मागवलं. पलीकडे एक ट्रकवाला तेच सूप पीत होता. त्याच पातेल्यातून, त्याच पळीने दोघांना वाढलं, हे त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिलं.

सूप चांगलं होतं. उत्तम नव्हतं, चांगलं होतं. मीठ नेमकं, गाजर जरा जास्त शिजलेलं. एक माणूस दुसऱ्याला जेवू घालतो तसं होतं. त्याला इतकं बरं वाटलं की हातातला चमचा निसटून खाली पडला.

चमचा उचलायला तो वाकला. टेबलाच्या एका पायाखाली, टेबल डुगडुगू नये म्हणून, घडी केलेला कागद कोंबलेला होता. कडा मळून काळ्या झाल्या होत्या. घडीच्या वरच्या बाजूला पेनाने काढलेला एक कुत्र्याचा कान दिसत होता, आत न रंगवलेला, पांढरा.

तो तसाच वाकून राहिला. मग सरळ बसला आणि आईला हाक मारली.

"हा कागद इथे कधीपासून आहे?"

आईने वाकून पाहिलं, जणू तिलाही आठवायला हवं होतं. "झालं की वर्ष. टेबल फार हलायचं."

"म्हणजे मी पहिल्यांदा आलो त्याच्या आधीपासून?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं मी कोण ते."

"तुम्हाला नाही ओळखलं. कुत्र्याला ओळखलं."

"मग वेगळं सूप का नाही केलंत?"

हा प्रश्न तिला खरोखरच कळला नव्हता. "पातेलं एकच होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्या हातून मीठ जास्त पडलं. सगळ्यांनाच खारट लागलं. त्यांना तेच वाढायचं आणि तुम्हाला दुसरं? त्यांच्या तोंडाला काय चव नसते?"

त्याला लाज वाटली, आणि ती वाटतेय याचं बरंही वाटलं. वाटभर त्याने या बाईला बिचारी ठरवलं होतं, भोळी ठरवलं होतं. मनातल्या मनात तिच्यावर उपकारसुद्धा करून झाले होते.

"मी तुमचं नाव काढायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"खारट होतं ते," ती म्हणाली. "पाव आणू अजून?"

त्याने मान डोलावली. ती आत गेल्यावर त्याने फोन काढला आणि तिथेच, टेबलाशी बसून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात संपादकाला सांगितलं, की चाळीस अहवाल रद्द. एक्केचाळिसावा खरा होता, पण तो जुना झाला, आज तिथे पुन्हा जेवतोय, तेव्हा नवा लिहून घे. संपादक ओरडायला लागला. उद्यापासून येऊ नकोस, असंही म्हणाला. परीक्षकाने ते ऐकून घेतलं आणि ओरडणं थांबल्यावर सावकाश सांगायला सुरुवात केली, "सूप चांगलं. गाजर थोडं जास्त शिजलेलं. मीठ बरोबर. कुत्रा बाहेर बांधावा लागतो."

पलीकडच्या ट्रकवाल्याने चमचा थांबवून त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या वाटीत बघितलं. "गाजराचं बरोबर आहे," तो म्हणाला.