प्रीतीला पाठवलेला मेसेज

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो, आणि मी घाबरलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बोलता बोलता माझा आवाज कापला तर तुम्ही उगाच बॅटरीला नावं ठेवणार नाही. बॅटरीतही आता फारसा दम राहिलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. पहिली दोन वर्षं मी उल्हासनगरात एका सिंधी कपडेवाल्यांच्या सुनेकडे काढली. तिथे माझे लाड झाले, फोटो काढून काढून माझं पोट भरलं. मग घरात नवा फोन आला आणि मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात जाऊन पडलो. तिथून मला शीलाने उचललं. दुकानदार तिला म्हणाला, "लेडीज का चलाया हुआ है, दीदी. एक स्क्रॅच दिखा दो." शीलाने स्क्रॅच दाखवला. तरीही घेतला.

शीला बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहते आणि अंबरनाथला मोरिवलीच्या एमआयडीसीत खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पॅक करायची. अठरा वर्षं एकाच लाइनवर. तिचे यजमान बाळाजी शहाडला कामाला होते, पण पाठीच्या दुखण्याने ते घरी बसले आणि घर शीलाच्या पगारावर आलं. मला ती जिवापाड जपायची. ओढणीच्या टोकाने माझी काच पुसायची आणि लाइनवरच्या मैत्रिणीला, प्रीतीला म्हणायची, "माझा फोन म्हणजे सोनं आहे गं. नवऱ्यापेक्षा जास्त ऐकतो." अशी स्तुती ऐकली की मी दोन टक्के जास्त चार्ज व्हायचो.

कंपनीत फोन आत न्यायला बंदी. गेटवर लाकडी खण होते, त्यात सगळ्यांचे मोबाईल पाळी संपेपर्यंत बंदिस्त. माझा खण सत्तेचाळीस नंबरचा. आत काय चालतं ते आम्हाला दिसत नसे.

फक्त एकदा मी आत गेलो. तो शनिवार होता. शीलाच्या मुलीला, सोनूला, अकरावीच्या प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याची प्रत हवी होती आणि बाहेरचं झेरॉक्सचं दुकान बंद होतं. लाइनवर यशोधरा नावाची नवी सुपरवायझर आली होती. वय सव्वीस, बोलणं मऊ. तिने वॉचमनला सांगून मला आत न्यायची परवानगी काढली, डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर शीलाचं व्हॉट्सॲप उघडून दिलं, स्वतःच्या हाताने प्रिंटरमध्ये दोन कोरे कागद घातले. दाखला छापून झाला. शीला खुशीत घरी गेली. लॉग आऊट करायचं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. पण विचारल्याशिवाय बोलायची आम्हाला सोय नसते.

सोमवारी बिनसलं. शीलाच्या हातून चाळीस खोक्यांवर चुकीची तारीख पडली. यशोधराने माल थांबवला आणि रजिस्टरमध्ये शीलाचं नाव लिहिलं. नियमच तसा होता. पण सुपरवायझरची ती जागा आपल्याला मिळेल म्हणून शीला चार वर्षं आस लावून होती, आणि तिथे बीएस्सी झालेली यशोधरा येऊन बसली होती. भरीत भर म्हणजे यशोधराची आई द्रौपदीबाई याच कंपनीत सफाईला होती. शीलाने ती पोर शाळेच्या ड्रेसमध्ये आईला डबा द्यायला आलेली पाहिली होती. आता तीच पोर आपलं नाव लिहिते, हे तिला झोंबलं.

सुटल्यावर शेअर रिक्षात बसल्या बसल्या तिने मला बाहेर काढलं. तिचा अंगठा एवढ्या जोराने पडत होता की माझी काच दुखली. तिने प्रीतीला लिहिलं, "कोट्यातली मॅडम आज माझं नाव रजिस्टरला लिहून गेली. हिची आई आपले संडास धुवायची, विसरली वाटतं." त्यानंतर आणखी एक ओळ होती. ती जातीवरून होती. मित्रांनो, ती ओळ मी तुम्हाला सांगणार नाही. एकदा वाहून नेली तेवढं पाप पुरे.

प्रीतीने हसरी तीन तोंडं पाठवली आणि लिहिलं, "जाऊ दे ना, दिमाग नको लावू." शीलाचं मन हलकं झालं. तिने मला पर्समध्ये टाकलं. स्टेशनवर उतरून तिने सोनूसाठी भजी घेतली. तिला वाटलं, आपण एका मैत्रिणीच्या कानात बोललो.

मंगळवारी मी माझ्या खणात होतो. वॉचमनचा रेडिओ चालू होता. एवढ्यात माझ्या पोटात एक नोंद पडली. दुसरं यंत्र चालू, आज, अकरा वाजून वीस मिनिटं. मला दरदरून घाम फुटला असता, पण मोबाईलला घाम येत नाही, तो नुसता गरम होतो. आत कोणीतरी शीलाचे मेसेज उघडले होते. मी अंधारात, कुलपात. काय करणार?

पुढे कळलं ते असं. यशोधरा लेबलची फाइल घ्यायला डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर गेली. समोर व्हॉट्सॲप उघडंच होतं. डिपार्टमेंटचंच असेल असं तिला वाटलं. सगळ्यात वर प्रीतीचं नाव होतं. तिने उघडलं, तर आत 'कोट्यातली मॅडम'. तिने ते वाचलं. मग छापलं आणि एचआरकडे नेलं.

बाराला वॉचमनने मला खणातून काढलं. "मॅडमनी बाईला फोनसकट बोलावलंय," असं तो कुणाला तरी म्हणाला. मी शीलाच्या हातात गेलो तेव्हा तिचा तळवा ओला होता. एचआरच्या तेजस्वी मॅडमच्या टेबलावर मला ठेवलं, शेजारी तो कागद.

"शीलाताई, हे तुमच्या नंबरवरचं आहे?"

शीलाने कागद पाहिला. "मॅडम, ते मी प्रीतीला लिहिलेलं. आमच्या दोघींचं होतं. प्रायव्हेट होतं."

"प्रायव्हेट होतं तर कंपनीच्या कॉम्प्युटरवर कसं आलं?"

"मला काय माहीत? मी तर सोनूचा दाखला..." एवढं बोलून ती थांबली.

तेजस्वी मॅडमनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "दोन दिवस घरी थांबा. शुक्रवारी चौकशी. खरं सांगू? शेठ म्हणतायत, काढून टाका."

त्या दोन दिवसांच्या आठवणीने मला आजही धडकी भरते. शीलाने घरी काहीच सांगितलं नाही. सकाळी नेहमीसारखा डबा भरला, बाळाजींच्या गोळ्या काढून ठेवल्या आणि ती निघाली. पण गेली अंबरनाथच्या शिवमंदिराच्या आवारात. तिथे दगडी पायऱ्यांवर ती पाळी सुटायच्या वेळेपर्यंत बसून राहायची. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. मी वाजलो की दचकायची. शेवटी तिने माझा आवाज बंद केला, मग वाजलो नाही म्हणून दर मिनिटाला मला बघायची. तिने तो मेसेज माझ्यातून पुसला. पण कागदावरचं कुठे पुसता येतं?

प्रीतीचा फोन आला. शीलाचा चेहरा उजळला. प्रीती म्हणाली, "माझं नाव नाही ना घेतलंस? हे बघ, मी काय लिहिलंच नाही. मी फक्त हसले." आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर प्रीतीचा फोटो माझ्यावर दिसेनासा झाला.

गुरुवारी शीलाने यशोधराला माफीचा मेसेज लिहायला घेतला. "तुला वाईट वाटलं असेल तर..." पुसलं. "मी रागात होते..." पुसलं. "माझ्या घरी कमावणारं दुसरं कोणी नाही..." हेही पुसलं. असे नऊ मेसेज मी पाहिले. त्या प्रत्येकात तिला यशोधराबद्दल काही लिहायचं होतं आणि प्रत्येक वेळी नोकरीच मध्ये येत होती. एकही पाठवला नाही.

शुक्रवारी चौकशी झाली. मी पुन्हा टेबलावर, साक्षीदार म्हणून. समोर यशोधरा बसली होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तेजस्वी मॅडमनी तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

यशोधरा हळू बोलली. "मॅडम, या कंपनीत कोटा नाही. मी मुलाखत देऊन आले. आणि समजा असता, तरी तो काय शिवी आहे का? शीलाताईंनी परवा सोनूचा दाखला छापला, तो कशाचा होता? कागद मीच घातले होते मशीनमध्ये."

शीला खाली बघत होती. तिच्या पापण्यांतून दोन थेंब माझ्या काचेवर पडले.

"मग काढायचं का यांना?"

"नको." यशोधराने डोकं हलवलं. "मला त्यांची नोकरी नकोय. तुम्ही त्यांना काढलंत की उद्या सगळे म्हणणार, हिने एका बाईचा घास काढला. आणि तो शब्द सगळे विसरणार. मला कॅन्टीनमध्ये जायची भीती वाटते मॅडम, तीन दिवस झाले. कोण कोण काय काय बोलत असेल माझ्या पाठीमागे. त्याचं काय ते कंपनीने सांगावं."

तेजस्वी मॅडमनी सगळं लिहून घेतलं आणि शीलाकडून माफीच्या कागदावर सही घेतली. सही करून शीला यशोधराकडे वळली, तर यशोधरा म्हणाली, "ताई, तो कागद कंपनीला दिलात तुम्ही." आणि उठून गेली.

शनिवारी दुपारी शीला भाकऱ्या थापत होती. मी ओट्यावर होतो. कंपनीचं पत्र आधी माझ्याकडे आलं. मी ते शीलाच्या आधी वाचलं आणि मला वाटलं, आत्ताच बंद पडावं, निदान तिची भाकरी होईपर्यंत तरी. पण मी वाजलो. हात पिठाचे म्हणून बाळाजींनी मला उचललं. सेवा आजपासून समाप्त, असं पत्रात होतं. शेठना यशोधराची काळजी नव्हती. तो कागद बाहेर फिरला तर कंपनीचं नाव खराब होईल, ही काळजी होती.

बाळाजींनी विचारलं, "काय लिहिलं होतंस असं?"

शीलाने सांगितलं. तिसरी ओळसुद्धा सांगितली. बाळाजींनी मला ओट्यावर पालथं ठेवलं. मग म्हणाले, "द्रौपदीबाईंनी तुला बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू आणून दिले होते." तव्यावरची भाकरी तोवर जळून गेली होती.

संध्याकाळपर्यंत माझ्यावर मेसेजचा पाऊस पडला. लाइनवरच्या बायका लिहीत होत्या, "लय वाईट झालं." "त्या यशोधरानं तुझा घास काढला बघ." तो शब्द काय होता, हे एकीनेही विचारलं नाही. यशोधरा म्हणाली होती तसंच झालं. शीलाने ते सगळे वाचले आणि एकालाही उत्तर दिलं नाही.

मित्रांनो, खासगी बोलण्यावरून माणसाला कामावरून काढावं का, हे माझ्यासारख्याला विचाराल तर मला सांगता येणार नाही. घरात बसून कोण काय काय बोलतं ते मी रोज ऐकतो. सगळ्यांना काढायचं म्हटलं तर कारखान्यांना टाळी लागतील, शेठच्या केबिनीसकट. पण ज्या मुलीने ती ओळ वाचली, तिला "ते तुझ्यासाठी नव्हतंच" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. नोकरी जाऊन सोनूच्या घरात चूल थंडावली आणि यशोधरा अजूनही डबा एकटीच खाते म्हणे. ऊब कुणालाच मिळाली नाही.

रविवारी सकाळी शीलाने साडी नेसली. यशोधराचं घर अंबरनाथला, विहाराच्या मागच्या गल्लीत. आता नोकरी परत मिळणार नव्हती, मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. कदाचित म्हणूनच तिला जाता आलं. दारात चप्पल घालताना सोनू म्हणाली, "आई, फोन राहिला तुझा." शीलाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत मला पहिल्यांदाच माझ्याविषयीची भीती दिसली. "राहू दे त्याला," ती म्हणाली.

ती दुपारी परतली. डोळे सुजलेले होते. तिने कुणाला फोन केला नाही, काही लिहिलं नाही. हातपाय धुऊन ती सोनूशेजारी बसली. तेव्हापासून मी कपाटाच्या वरच्या खणात असतो. काम असेल तेव्हाच ती मला काढते आणि दोन बोटांनी धरते, गरम भांडं धरावं तसं. मला त्याचं वाईट वाटतं. पण तक्रार नाही.

त्या दोघी काय बोलल्या, ते मला माहीत नाही. शीलाच्या आयुष्यातली मला माहीत नसलेली ही एकच गोष्ट आहे. ती कुठे छापता येणार नाही, कुठे पाठवता येणार नाही, कोणी ती पुसूही शकणार नाही. म्हणून मित्रांनो, माझी काच फुटू नये म्हणून जपता, मला कव्हर घालता, त्याबद्दल आभार. पण एवढं ऐका. कुणाबद्दल मनात फार दाटून आलं, तर मला घरी ठेवा आणि त्या माणसाकडे जाऊन या.