पाचशे वीस पौंड जास्त

हमरस्त्यावर ट्रक तोलायच्या वजनकाट्याची पाटी दिसली की डेलमर भोंगा वाजवायचा. दोनदा, लांबलचक. एकतीस वर्षं ट्रक चालवताना त्याने देशभरातल्या काट्यांवर रांगा लावल्या होत्या. निवृत्त झाल्यावर हे चाकांवरचं घर घेतलं, तेव्हा त्यातली सगळ्यात मोठी चैन कुठली असं कोणी विचारलं, तर तो पलंगाचं किंवा न्हाणीघराचं नाव घेत नसे. म्हणायचा, "काट्यावरून सरळ पुढे जाता येतं!" सात वर्षं मी तो भोंगा ऐकत होते. पहिल्या वर्षी हसले. पुढे फक्त कॉफीचा पेला घट्ट धरायला शिकले.

आमच्यासारख्या गाड्यांनी काट्यावर थांबायचं की नाही, हे खरं तर कोणालाच धड ठाऊक नसतं. दर राज्याचा कायदा निराळा. एका ठिकाणी वजनावर ठरतं, दुसऱ्या ठिकाणी गाडी धंद्याची की घरची यावर, तिसऱ्या ठिकाणी समोर उभ्या असलेल्या पोलिसाच्या मर्जीवर. मुक्कामाच्या तळावर चार गाड्या लागल्या की पुरुष मंडळी याच विषयावर भांडून जेवणं थंड करतात. त्यात डेलमरचा शब्द शेवटचा असे, कारण ती एकतीस वर्षं.

मला या गाडीतून उतरायचं होतं. दोन वर्षं फिरू असं ठरलं होतं, त्याची सात झाली. मला एक दार हवं होतं, ज्याच्या बाहेर रोज तेच झाड दिसेल. आणि हे मी नवऱ्याला एकदाही बोलले नव्हते. आमच्या जुन्या घरात तो पाहुणा होता. ट्रकवरून महिन्यातून दोन शनिवार-रविवार यायचा, बॅग दारातच ठेवायचा, तो आला की मुलं जरा सावरून बसायची. नवरा-बायको म्हणून आम्ही पहिल्यांदा राहिलो ते या गाडीत. आता ते मोडायचं म्हटलं तर कोणत्या तोंडाने?

एप्रिलमध्ये ॲरिझोनातला हिवाळा संपवून आम्ही उत्तरेला निघालो होतो. पुढे सहा मैलांचा उतरता घाट होता. घाटाच्या आधी काटा आला, डेलमरने भोंगा वाजवला, आणि पाच मिनिटांत मागे पोलिसांच्या गाडीचे निळे-तांबडे दिवे लागले.

खाली उतरून आली ती ऑफिसर बेनाविदेस. आमच्या नातीच्या वयाची.

"सर, मागे काटा होता."

"होता की. आम्ही काय माल नेत नाही."

"पाटी वाचलीत? या वजनाच्या सगळ्या गाड्यांनी थांबायचं. घरच्यासुद्धा."

"पोरी, तू जन्मायच्या आधीपासून मी पाट्या वाचतोय."

"मग ही कशी राहिली, सर?"

डेलमरचे कान लाल झाले. गाडी वळवून तिच्या मागोमाग निघाला. वाटेत मला म्हणाला, "करू दे वजन. मागच्या ॲक्सलला पंधरा हजार पौंड चालतात, मी चौदा हजार सहाशेवर ठेवलीय. तुझा एक जास्तीचा बूटसुद्धा मी आत येऊ देत नाही."

हे खरं होतं. एक वस्तू आत आली तर एक बाहेर, असा त्याचा कायदा. माझ्या दहा तव्यांपैकी दोन त्याने राहू दिले होते. मी खिडकीबाहेर बघत बसले. काटा काय सांगणार ते मला साधारण ठाऊक होतं.

पुढची चाकं ठीक निघाली. मग मागची काट्यावर चढली.

"पंधरा हजार पाचशे वीस," बेनाविदेसने कचेरीच्या खिडकीतून ओरडून सांगितलं.

"काटा बिघडलाय तुमचा."

"सकाळीच तपासलाय, सर."

त्याने गाडी मागे घेतली, पुन्हा चढवली. आकडा तोच. दोन वर्षं तो म्हणत होता की गाडी मागून बसते. एकाहत्तराव्या वर्षी खडीवर पाठ टेकून गाडीखाली शिरायचा, स्प्रिंगा ठोकून बघायचा. मी वर उभी राहून त्याला पाने द्यायचे आणि तोंडातून अवाक्षर काढायचे नाही. ते सगळं आठवून मला इतकी लाज वाटली की बसवेना.

"डेल," मी म्हटलं, "पलंग उचल."

"काय?"

"पलंगाखालचा कप्पा उघड."

तो कप्पा माझा. हिवाळ्याच्या रजया तिथे असतात असं तो समजून होता. रजया होत्याच, सगळ्यात वर, दोन. त्याखाली न्हाणीघराच्या पांढऱ्या-निळ्या फरशांची चौदा खोकी. लोक अंगणात जुनं सामान विकायला मांडतात, तिथून एकेक करून घेतलेली, तो कपडे धुवायच्या दुकानात बसलेला असताना. बिडाचं सिंक, जे विकणाऱ्या बाईने आणि तिच्या दिराने मिळून आत सरकवलं होतं. दाराच्या काचेच्या मुठी, पडद्यांचे दांडे, ओकचा एक उंबरठा. घराच्या नंबराचे दोन पितळी आकडे, चार आणि सात. नंबर कुठला मिळेल ते माहीत नव्हतं, पण हे दोन स्वच्छ होते.

डेलमरने एकेक वस्तू बाहेर काढून सिमेंटवर मांडली. वारा सुटला होता. रांगेतल्या एका ट्रकवाल्याने खिडकी खाली केली. "काका, घर बांधताय का मोडताय?"

डेलमर फरशांच्या खोक्यावर बसला. मीही दुसऱ्या खोक्यावर बसले. गुडघे दोघांचेही गेलेत.

"म्हणजे सात वर्षं मी तुझ्या न्हाणीघराच्या फरशा देशभर फिरवतोय."

"पाच. पहिली दोन वर्षं ठरलेलीच होती."

"स्प्रिंगा बदलल्या मी."

"हो."

"दोनदा."

"हो, डेल."

"आणि तू पाना धरून उभी होतीस! बाईसाहेब, कमाल आहे तुमची."

लाज तर वाटतच होती, पण रागही येत होता. गाडी मागून बसते हे याला दोनशे पौंडांच्या फरकाने कळतं, आणि शेजारी बसलेली बाई पाच वर्षं बसत चाललीय, ते कळू नये?

बेनाविदेस बाहेर आली. सगळा पसारा बघून तिने टोपी जरा मागे सारली. "मॅडम, सर, माझा नाइलाज आहे. पुढे घाट आहे आणि तुमचे टायर एवढ्या वजनाचे नाहीत. पाचशे वीस पौंड इथे उतरवा. मागे शेड आहे, महिनाभर तिथे राहू देतो आम्ही. नंतर ज्याला हवं तो नेतो."

डेलमर उठला. आता सिंक शेडमध्ये जाणार, असं मी मनाशी धरलं. खरं सांगते, भांडायची ताकद नव्हती माझ्यात. नेलं असतं तर नेऊ दिलं असतं.

तो गाडीच्या मागे गेला आणि रॅकवरची स्कूटर सोडवायला लागला. तळावर पोचलो की गावात चक्कर मारायची त्याची स्कूटर. "दोनशे चाळीस," म्हणत ढकलत शेडमध्ये नेली. मग जनरेटर. "दीडशे." मांस भाजायची शेगडी, घडीच्या खुर्च्या, बाहेर पसरायची चटई, बोलिंगचे तीन गोळे. प्रत्येकाचं वजन तो मोठ्याने सांगत होता, आपल्यालाच. शेवटी हत्यारांच्या पेटीला हात घातला.

"ती राहू दे," मी म्हटलं.

"ऐंशी पौंड आहे."

"असू दे. फरशा कोण बसवणार?"

"मला येत नाहीत फरशा बसवायला."

"मलाही येत नाहीत."

पेटीची कडी धरून तो तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या घरात चमचे कुठे असायचे, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आर्डिस. विचारायचीही लाज वाटायची. तशा आणखी एका घरात जाऊन मी करू काय?"

एवढं बोलायला त्याने सात वर्षं घेतली होती. माझीही पाच झालीच होती. मला रडू आलं, आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

"या वेळी दोघांनाही काही माहीत नसेल," मी म्हटलं.

त्याने पेटी जागेवर ठेवली आणि रजयाच उचलून शेडमध्ये टाकून आला. उगाच. रजयांचं वजन ते काय असणार? मग सिंक, खोकी, उंबरठा पुन्हा आत चढवायला एका ट्रकवाल्याने हात लावला. डेलमरने सगळं पट्ट्यांनी आवळून बांधलं, एकतीस वर्षं दुसऱ्यांचा माल बांधला तसं.

काटा म्हणाला, चौदा हजार नऊशे नव्वद.

कचेरीत बेनाविदेसने एक कागद पुढे केला. गाडीचा नंबर, वजन, सही. "आणि जायचं ठिकाण, सर. रिकामं सोडता येत नाही."

डेलमरने पेन उचललं, थोडा वेळ धरलं, आणि माझ्या हातात दिलं.

मला एकही गाव सुचेना. फरशा जमवल्या, मुठी जमवल्या, पण कुठे, याचा पाच वर्षांत मी विचारच केला नव्हता. तो केला असता तर बोलावं लागलं असतं. बेनाविदेसच्या मागे भिंतीवर नकाशा होता. घाटाच्या पायथ्याशी एक बारीक ठिपका होता, मॅकक्लरी. मी ते नाव लिहिलं.

डेलमरने चष्मा वर करून वाचलं. "तिथे काय आहे?"

"मला काय माहीत? घाट संपतो तिथे. मी थकलेय, डेल."

"मग सांगायचंस की गं."

"सांगतेय ना."

त्याने माझ्या हातातून पेन घेतलं आणि मॅकक्लरीच्या खाली सही केली.