नारळी पौर्णिमेआधी पाण्यात उतरलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. बोरीवलीच्या खाडीकाठी राहते. म्हातारी मात्र म्हणू नका, मला राग येतो! सागवानी हाडाची आहे मी. आजही नव्या फायबरच्या पोरींना पुरून उरेन.

मला सुंदराबाईंच्या सासऱ्यांनी बांधून घेतलं. त्यांच्या काळात मी मासळीनं भरून आले की अख्खा कोळीवाडा कौतुक करायचा. आता सुंदराबाईंचा मुलगा शिवदास मोठ्या बोटीवर जातो आणि मी काठावर पडून असते. शेजारच्या सोसायटीतले लोक जाता-येता नाक दाबतात. वास येणारच की, मी काय अत्तराचं दुकान आहे? पावसाळ्यात तर मला कुणी हातही लावत नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडे होडी पाण्यात उतरत नाही.

यंदा आषाढातच आभाळ फाटलं. खाडीला मिळणारी नदी फुगली, त्यात भरती आली आणि पाणी उलटं सोसायटीत शिरलं. तळमजल्यावर मार्तंडकाका प्लास्टरमधला पाय घेऊन पलंगावर अडकले. त्यांच्या बायकोनं, सुलक्षणाकाकूंनी, शिवदासला फोन केला. "पाणी गादीला लागतंय रे. मला एकटीला हे उचलत नाहीत."

शिवदासनं माझ्यावरची ताडपत्री ओढली. "आई, खाडीतून वळसा घालतो. लवकर पोचेन."

"खुळा की काय तू?" सुंदराबाई म्हणाल्या. "विजा कडाडतायत. नदी आणि भरती भिडतात तिथं होडी पालथी होईल. गडगडाट लांब जाऊ दे, मग गल्लीतून जा."

"आणि नारळ?"

त्या आत गेल्या. कालवणासाठी ठेवलेला नारळ आणून त्यांनी गल्लीतल्या पाण्यात सोडला. "हे पाणी दर्यालाच जाणार. त्याला पोचेल."

ते थांबणं माझ्या जिवावर आलं होतं. काकांचं काय झालं असेल, हाच घोर. अखेर गडगडाट विरला, कोळीवाड्यातल्या चौघांनी मला खांद्यावर घेतलं आणि मी गल्लीत उतरले. बुडालेल्या गाड्यांच्या टपांशेजारून काय ऐटीत निघाले म्हणून सांगू!

काकांच्या घरी पोचलो तेव्हा गादी भिजली होती. काका पांढरेफटक पडले होते, तरी विचारत होते, "शिवदास, माझं वजन पेलवेल ना हिला?"

"काका, हिनं तुमच्या दुप्पट सुरमई वाहिलीय. बसा गुमान."

काका-काकूंना मी उंचावरच्या शाळेत नेलं. मग खेपांवर खेपा केल्या. संध्याकाळपर्यंत अख्खा तळमजला सुखरूप बाहेर! शाळेच्या गॅलरीत टाळ्या वाजत होत्या आणि त्या माझ्यासाठी होत्या, मित्रांनो.

म्हणून सांगते, आभाळ गडगडत असताना कितीही घाई असली तरी होडी पाण्यात घालू नका. पुराचा इशारा आला की तळमजल्यावरच्या आजारी माणसांना आधीच वर न्या. आणि आम्हा जुन्या होड्यांच्या भेगा वेळेवर बुजवा.

परवा मार्तंडकाका काठी टेकत आले. माझ्या काठावर हात ठेवून शिवदासला म्हणाले, "हिला रंग मी लावणार. तू मध्ये पडू नकोस."