पंचावन्न अंश

टेपच्या टोकाची ती पत्र्याची आकडी जराशी हलते — पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा टेप बिघडली असंच तिला वाटलं होतं, मग तिने शोधून काढलं की आकडी मुद्दाम ढिली ठेवलेली असते. कडेला अडकवून ओढली की ती स्वतःच्या जाडीइतकी पुढे येते, भिंतीला टेकवून दाबली की तेवढीच मागे जाते, आणि म्हणूनच माप दोन्ही वेळा बरोबर येतं. अचूकपणासाठी ठेवलेला ढिलेपणा... ही गोष्ट तिला फार आवडायची. आत्ताही तिने नखाने आकडी मागेपुढे केली, टिक टिक वाजवली आणि टोक आईच्या हातात दिलं.

"धर. भिंतीला टेकव नुसतं."

"टेकवलं. किती आलं?"

"सोफ्याच्या पाठीपर्यंत सात फूट दोन इंच."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"म्हणजे त्रेचाळीस इंची टीव्ही. त्याहून मोठा घेतला तर मान फिरवत बसावं लागेल."

"माझ्यासाठी घेत असशील तर राहू दे हं," आई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "मी काय, थंडी सरली की दादाकडे जाईन म्हणते."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो फोनवर म्हणायचा, पाठव की आईला इकडे, आणि आई त्याच्याकडे गेली असती तर चार महिन्यांनी तिथेही म्हणाली असती, ही बोलावतेय, तिकडे जाईन म्हणते. बाबा गेल्यापासूनचे हे पाच महिने आई इथे होती, आणि पाच महिन्यांत 'तुझा गॅस', 'तुझे डबे', 'तुझी खिडकी उघडू का' याखेरीज दुसरं काही तिच्या तोंडून आलं नव्हतं. न्हाणीघरातली दांडी अर्धी रिकामी असून आईचा टॉवेल तिच्या स्वतःच्या बॅगेच्या हँडलवर वाळत पडलेला असायचा. संध्याकाळी शेजारच्या घरातली मालिका भिंतीतून ऐकू यायची, तेव्हा आईचा हात कामात मध्येच थांबायचा — दोन क्षण, फार नाही.

तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. ती झटपट ठरवायची, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरवायची. याबद्दल उगाच विनय दाखवण्यात तिला अर्थ वाटत नसे. आई इथेच राहणार होती, आणि पाहुणी म्हणून नाही. त्याची सुरुवात टीव्हीपासून. आईने सोफ्यावर बसायचं, बरोब्बर मधोमध, पाय वर घेऊन, पाठ टेकून, आणि चॅनेल बदललं तर चिडायचं. रिमोटसाठी भांडणारा माणूस पाहुणा नसतो.

खिडकी आणि पुस्तकांचं कपाट यांच्या मधली भिंत शेहेचाळीस इंच. त्रेचाळीस हा कर्ण, रुंदी साडेसदतीसच. दोन्ही बाजूंना चार-चार इंच उरतात. आधीच्या भाडेकरूने पाडलेली स्क्रूची चार भोकंसुद्धा जवळपास तिथेच होती. सगळं जमत होतं. मग — का ते तिला सांगता आलं नसतं — तिने टेप स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली. आडवं पाच फूट, पुढे साडेतीन. फोनवर हिशेब केला: पंचावन्न अंश. तिथे कोणीही बसणार नव्हतं. तरी तिने तो आकडा कागदावर लिहून घेतला.

रंगाच्या कारखान्यात तिचं काम रंग जुळवण्याचं. यंत्र आकडा देतं, पण त्यांच्याकडचं यंत्र समोरून बघतं आणि माणूस कुठूनही बघतो, म्हणून ती रंग दिलेली प्रत्येक पट्टी खिडकीशी नेऊन तिरकी करायची, आणखी तिरकी करायची, उजेड पट्टीवरून घसरून जाईपर्यंत. आज लोखंडी कपाटांसाठीचा चमकीचा राखाडी होता. नमुना आणि रंगाचा नवा घाणा, समोरून सख्खे, कडेने सावत्र.

"नापास," ती म्हणाली.

"अहो मॅडम, गिऱ्हाईक काय कपाट आडवं होऊन बघणार आहे?" उत्पादनावरचे साहेब वैतागले.

"आडवं नाही होणार. पण कपाटासमोरून चालत जाईलच ना? चालताना दर पावलाला रंग बदलला तर म्हणेल, कपाट आजारी आहे."

साहेब हसले, घाणा परत गेला. हात धुताना तिला दार दिसलं. इथलं नाही — तिकडचं, जुन्या घरातलं. मधल्या खोलीत टीव्ही, समोर बाबांची खुर्ची, खाली सतरंजीवर ती आणि दादा, आणि कडेला स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा लावून आई... हातात फडकं, एक पाय आत, एक बाहेर. आई, बस ना. काय बघतेस तिथून? आणि आईचं ठरलेलं उत्तर — काही नाही, चालू दे तुमचं. अठरा वर्षं हे असंच. मालिका, निवडणुका, सामने, सगळं तिने कडेने पाहिलं, तिरकं, फिकट, उरलंसुरलं. घर रिकामं केलं त्या दिवशी चौकटीवर खांद्याच्या उंचीला तो डाग सापडला होता — हाताएवढा, गुळगुळीत, पांढऱ्या तेलरंगावर मळकट मधासारखा. तिने त्यावर अंगठा फिरवला होता. असा रंग कोणी मुद्दाम बनवत नाही. तो बनायला अठरा वर्षं उभं राहावं लागतं.

शनिवार, अर्धा दिवस. दुकानाच्या पायऱ्यांशी आई वेळेआधीच येऊन थांबली होती, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"या या, आजींसाठी खुर्ची द्या रे," सेल्समन म्हणाला. पन्नाशीचा, डोकं पांढरंशुभ्र, दोन्ही खिशांत एकेक रिमोट.

"आजी कोणाला म्हणता हो?" आई म्हणाली. "तुमच्यापेक्षा माझे केस काळे आहेत."

सेल्समनने डोक्यावरून हात फिरवला. "चुकलं, ताई."

तिने आपला कागद काढला. कितीपर्यंतचा हवा ते सांगितलं, इंच सांगितले, इंटरनेटच्या गमतीजमती नकोत हे सांगितलं. पाच मिनिटांत तीस टीव्हींचे दोन झाले. दोघांचा आकार तोच, किंमत जवळजवळ तीच, दोघांवर एकच बातम्या लागलेल्या. डावीकडच्यातला काळा रंग खरा काळा होता, विहिरीत वाकून पाहावं तसा. उजवीकडच्यातला काळा म्हणजे धुऊन धुऊन राखाडी झालेला सदरा. डावा, अर्थातच. तिने तोंड उघडलं — आणि कागदावरचा पंचावन्न आकडा दिसला.

ती कडेला सरकू लागली. एक पाऊल, आणखी एक, नजर पडद्यावर, खेकड्यासारखी.

"मॅडम, टीव्ही घ्यायचाय की नाच बसवायचाय?"

"थांबा हो जरा."

तीस अंशांच्या आसपास डाव्याचा काळा विरघळायला लागला. पंचेचाळीसला निवेदकाच्या चेहऱ्यावर राख बसली. पंचावन्नला — अंदाजानेच, पण तिचा अंदाज यंत्राच्या फार मागे नसायचा — डावा पडदा धुक्यात गेला होता, आणि उजवा, तो धुतलेल्या सदऱ्यासारखा उजवा, समोरून होता तसाच्या तसा होता. सख्खा.

"बरोबर पकडलंत," सेल्समन जरा हळू आवाजात म्हणाला. "हे कोणी विचारत नाही. समोर बसणार असाल तर हा. कडेनेही कोणी बघणार असेल तर तो. एवढ्या पैशांत दोन्ही मिळत नाहीत."

म्हणजे प्रश्न अगदी स्वच्छ होता, आणि स्वच्छ प्रश्न तिला आवडायचे. डावा घेतला तर आईला मधोमध बसावंच लागेल. दारातून तिला काही दिसणारच नाही. उजवा घेतला तर... तर दारातली ती जागा तिने स्वतःच्या हाताने, पसंत करून, घरात आणून बसवल्यासारखं होईल. उभी राहा गं आई, तुझ्यासाठी खास तिथून दिसणारा आणलाय. नाही. डावाच. सांगायला म्हणून ती वळली, तर खुर्ची रिकामी. आई धुलाई यंत्रांच्या रांगेशी, एका यंत्राला खांदा टेकून उभी होती. तीस टीव्हींची भिंत समोर पसरलेली, आणि आईने शोधून शोधून कडेची जागा काढली होती. साठ अंश असतील. पासष्ट.

"आई, इकडे ये. इथे. समोर."

आई आली, समोर उभी राहिली, आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अगं बाई, हा केवढा सुटलाय!"

"कोण?"

"हा बातम्यांवाला. आपल्याकडे कसा सडसडीत दिसायचा."

"तो सुटला नाही आई, तू समोर आलीस."

सेल्समन खो-खो हसला, आई हसली, आणि तीही हसली. पण हसता हसता तिच्या डोक्यात आकडा तयार झाला होता — पंचावन्नला रुंदी निम्म्याहून थोडी जास्त उरते. अठरा वर्षं आईच्या जगातली सगळी माणसं सडसडीत होती.

"उद्या सांगते," ती म्हणाली. सेल्समनला याचं नवल वाटलं नसावं, तिचं तिलाच वाटलं.

घरी चालत निघाल्या. फुटपाथ अरुंद, आई अर्धं पाऊल मागे.

"आई, तिकडे घरी तू कधी समोर का नाही बसलीस?"

"कधी?"

"कधीच. टीव्ही बघताना."

"बसायचं असतं तर बसले असते की. मला काय कोणी बांधून घातलं होतं?" आईने पर्स दुसऱ्या हातात घेतली. "दारातून सगळं दिसायचं. गॅसवरचं दूध दिसायचं, फाटक दिसायचं, तुम्ही दोघं एकमेकांना चिमटे काढत होतात ते दिसायचं. आणि बातम्या बघायला मला टीव्ही कशाला? यांचं तोंड बघितलं की जगात काय चाललंय ते कळायचं." आणि मग, तक्रार नव्हे, नुसती माहिती दिल्यासारखं, "सोफ्यावर बसलं की एकच दिसतं."

तिला लगेच म्हणावंसं वाटलं, हे तू आत्ता म्हणतेस. माणूस जिथे उभा राहिला त्या जागेला नंतर रंग देतो, चांगला घट्ट दोन हात देतो, हे काय तिला माहीत नव्हतं? आणि ते वाक्य ओठांवर असतानाच दुसरं काहीतरी मध्ये घुसलं — इतकं साधं, की ती रस्त्यात थांबलीच. जुना टीव्ही काचेच्या नळीचा होता. नळीच्या आत लावलेली भुकटी उजळते, आणि तिचा उजेड सगळीकडे सारखा जातो. समोर जातो तसा कडेलाही. तो टीव्ही पंचावन्नलाही फिकट दिसत नसे. हे तिला कॉलेजात असल्यापासून माहीत होतं, तिने परीक्षेत लिहिलं होतं — आणि तरी एवढी वर्षं ती ज्या फिकेपणाबद्दल हळहळत आली, तो कधी नव्हताच. तिने तो आजच्या पडद्यावरून उचलून आईच्या डोळ्यांत घातला होता. बारीक माणसं खरी. रंग मात्र पुरे होते.

"काय झालं गं? काही विसरलीस का दुकानात?"

"नाही. चल."

पण डाग होताच ना. मधासारखा, हाताएवढा. अठरा वर्षांचे पाय होतेच. बाबांनी एकदाही खुर्चीतून उठून 'ये, बस' म्हटलं नव्हतं, तेही तिला आठवत होतं, आणि आईला पुरे रंग दिसत होते म्हणून ते खोटं ठरत नव्हतं. आणि दुसऱ्या बाजूने, डाग होता म्हणून आईचं आत्ताचं बोलणं खोटं ठरत नव्हतं. बाहेरून मोजलं तर एक, आतून मोजलं तर एक... ती मनातल्या मनात ती आकडी पुढे-मागे करत राहिली. टिक. टिक. मग डावा की उजवा? दारातली जागा ही आईची शिक्षा असेल तर डावा. ती आईची जागा असेल — पाच महिन्यांत या घरात तिला न सापडलेली, म्हणून टॉवेल अजून बॅगेवर — तर उजवा. दोन्हींपैकी एक निकालात काढता येईल असं काही तिच्या हाताशी नव्हतं. गंमत म्हणजे, याने ती घाबरली नाही. नापास घाणा परत पाठवताना वाटतं तसंच वाटलं: काहीतरी चुकलंय ते कळलं, म्हणजे नजर अजून शाबूत आहे.

घरी आल्यावर आई मटार सोलायला बसली. सोफ्यावर, कारण दिवा तिथे होता. मधोमध, कारण एका बाजूला टोपली आणि दुसऱ्या बाजूला सालांची ताटली ठेवायची होती. समोर कोरी भिंत, चार भोकं. ती चहा ठेवायला आत गेली, आधण चढवलं, साखरेचा डबा काढायला बाहेरच्या फडताळाकडे निघाली आणि दारातच राहिली. खांदा आपसूक चौकटीला लागला.

इथून आईचे हात दिसत होते, अंगठ्याने शेंग उकलणारे, दाणे टोपलीत पडण्याआधीच पुढची शेंग उचलणारे. एक दाणा सोफ्याच्या फटीत गेलेला दिसला, आईला तो दिसला नव्हता. खिडकीतला उतरता उजेड दिसला. पलीकडच्या खोलीचं अर्धवट उघडं दार, त्यातून बॅगेची कड, तिच्यावरचा टॉवेल. मागे वळून न बघताही पातेल्यातलं पाणी कुठवर आलंय ते कळत होतं. आईचा चेहरा कडेने — आणि तो फिकट नव्हता. भिंतीकडे बघताना तो काहीतरी ठरवत असल्यासारखा होता, किंवा नुसता मटार सोलत असल्यासारखा. त्या भिंतीवर उद्या काहीतरी लागेल. कोणतं, ते ती ठरवेल. ठरवणं तिला जमतं. कदाचित आधी आईला विचारेल; ते आजवर कधी तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेजारची मालिका सुरू झाली. आईचा हात थांबला, दोन क्षण. मग तिने मान वर केली.

"काय बघतेस गं तिथून?"

"काही नाही," ती म्हणाली. "चालू दे तुझं."

आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं की हे टाळायला म्हटलेलं नव्हतं. तिला खरोखर सगळं दिसत होतं. पुढे होऊन सोफ्यावर बसावं, टोपली उचलून जागा करावी, हेही सुचत होतं. पण चौकट खांद्याला गार आणि घट्ट लागत होती, पाण्याला अजून उकळी फुटायची होती, आणि एवढ्यात तरी तिला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.