बारा त्याच्या, बारा कंपनीच्या

माझ्या थोरल्या भावाला, मनोंग लिओन्सियोला, दारूचं व्यसन नव्हतं, बाटल्यांचं होतं. हे मी तो गेल्यावर चाळिसाव्या दिवशीही सगळ्यांसमोर बोलले, तेव्हा वहिनीने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

आमच्या त्रिनिदाद गावच्या चढावर माझं लहानसं दुकान आहे. साबण, माशांचे डबे, सुटी सिगारेट आणि बिअर. दर शुक्रवारी बिअरचा ट्रक येतो, भरलेले क्रेट उतरवतो आणि रिकाम्या बाटल्या घेऊन जातो. बाटलीवर कागद नसतो, कंपनीचं नाव काचेवरच छापलेलं असतं. कारखान्यात कढत पाण्यात धुऊन त्याच बाटल्या पुन्हा भरतात. माझं काम एवढंच, की गेल्या तेवढ्या परत आल्या पाहिजेत. आणि माझ्या भावामुळे ते कधी जमायचं नाही. तो मागच्या दाराने यायचा, रिकाम्या बाटल्या चाचपायचा आणि ज्यांच्या खांद्यावर घासून घासून पांढरा पट्टा पडलाय अशाच, घरी बनवलेली बिअर भरायला, निवडून न्यायचा.

"ही बघ, पुरिता," म्हणायचा. "एवढ्या वेळा कारखान्यात जाऊन आली तरी हिला काही झालं नाही. ही माझ्या बिअरने फुटायची नाही."

आमच्याकडे दादाला मनोंग म्हणतात, ताईला मनांग. मग शुक्रवारी ट्रकवाला ओरडायचा, "मनांग, परत कमी?" आणि मी दात-ओठ खात सांगायची, "माझ्या भावाने नेल्या."

खरं तर बाटल्यांच्या बाबतीत मी फार काटेकोर बाई आहे. वळणावरची दुकानदारीण आपल्या गिऱ्हाइकांच्या बाटल्या माझ्या गळ्यात मारते, म्हणून माझ्याकडून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाटलीच्या बुडाला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका देते. लिओन्सियोला त्याचं भारी हसू यायचं. "स्वतः कधी नटली नाहीस, बाटल्यांना काय नटवतेस?" म्हणायचा.

त्याची बिअर वाईट होती. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, पण वाईटच होती. पहिल्या खेपेच्या बाटल्या पलंगाखाली फुटल्या, आणि गोळीबार सुरू झालाय असं वाटून फेलिसावहिनी टेबलाखाली जाऊन बसली. दुसरी खेप आंबट निघाली. तिसरीच्या बुडाशी बोटभर गाळ. गेल्या नाताळात शेजारच्या मास्तर बाल्ताझारांनी त्याच्यादेखत घोट तोंडात घेतला आणि फेलिसाच्या जिरेनियमच्या कुंडीत थुंकला. सगळे हसले. मी सगळ्यांत जोरात हसले आणि म्हणाले, "मनोंग, भांडी घासायला ठेव ती. तेवढी तरी कामाला येईल."

 त्याने आपला ग्लास संपवला आणि कुंडीतली माती बदलायला गेला. 

त्यानंतर त्याला नवीनच खूळ लागलं. माझ्या दुकानात कोणी बिअर मागितली की हा पुढे. "मी उघडतो, मी उघडतो." चमच्याच्या दांड्याने चारी बाजूंनी हळूहळू उचलून झाकण असं काढायचा, की त्याला वाकही येऊ नये. गिऱ्हाईक तहानेने कासावीस आणि हा झाकण खिशात घालतोय.

"काय करणारेस त्यांचं?" मी विचारलं.

"लोक आधी झाकण बघतात, मग तोंड वाकडं करतात, आणि मग पितात," तो म्हणाला. "आता बाटली कंपनीची, झाकणही कंपनीचं. बघू कोण कसं तोंड वाकडं करतो ते."

एप्रिलमध्ये त्याने एक क्रेट आणून फेलिसाच्या स्वयंपाकघरात ठेवला. चोवीस बाटल्या, एकीला झाकावी नि दुसरीला काढावी अशा.

"बारा माझ्या, बारा कंपनीच्या, थेट ट्रकवरून उतरवलेल्या," तो म्हणाला. "मिसळून ठेवल्यात. माझ्या वाढदिवसाला सगळे या, प्या आणि सांगा माझी कुठली."

"आणि तुला स्वतःला तरी कळणारे का?" मी विचारलं.

"मला कळेल," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, नेहमीसारखा माझी टिंगल करतोय. पंधरा दिवसांनी लाकडं फोडता फोडता तो ओंडक्यावर टेकला, आणि उठलाच नाही.

चाळिसाव्या दिवशी माणूस खरा निघतो, असं आम्ही मानतो. तोवर तो घराच्या आसपासच असतो. म्हणून त्या दिवशी त्याचं पान वाढून देव्हाऱ्यापुढे ठेवायचं असतं. चिकट भाताची गोड वडी, उकडलेलं अंडं, सुपारी, दोन सिगारेटी आणि त्याची आवडती दारू. सगळं झालं, आणि फेलिसा त्या क्रेटसमोर जी उभी राहिली ती हलेना.

"मला त्याचीच हवी, पुरिता," ती म्हणाली. "जन्मभर कंपनीशी भांडला. आता निघताना तिचीच पाजू त्याला?"

मी एकेक बाटली खिडकीशी धरून पाहिली. गाळ दिसला तर त्याची, सोपं होतं. पण कुठेच गाळ नव्हता. हलवून पाहिलं, हुंगून पाहिलं, झाकणं नखाने टोकरून पाहिली. चोवीसच्या चोवीस सारख्याच. माझं डोकं चालेना. शेवटी फेलिसाने डोळे मिटले, नवऱ्याचं नाव घेतलं, एक बाटली ओढली, उघडली आणि ग्लास भरून पानाशेजारी ठेवला.

"ही असेल ना ग?" ती म्हणाली.

"असेल," मी म्हणाले. मला काय कळणार, कपाळ!

दुपारी अंगणात बैठक बसली. जीपवाला डोमिंग वाटपाला, कारण त्याचा हात स्थिर. पहिला घोट त्याने जमिनीवर ओतला, लिओन्सियोसाठी. मग एकच ग्लास, बर्फाचा खडा टाकून, हातोहात फिरायला लागला. मास्तर बाल्ताझारांनी ठरवलं, की प्रत्येक बाटली संपली की मत घ्यायचं. लिओन्सियोची वाटली तर भिंतीकडे, कंपनीची वाटली तर चुलीकडे.

पहिलीच बाटली संपली आणि मास्तर म्हणाले, "ही कंपनीची. कडवटपणा जागच्या जागी. माणसाच्या हाताला हे जमत नाही, यंत्र लागतं." बाटली चुलीकडे गेली.

दुसरी जरा पाणचट लागली.  मग डोमिंग हळूच म्हणाला, "ही मनोंगची दिसते."

"बरी आहे," मास्तर घाईने म्हणाले. "बरी आहे, हं! बिचाऱ्याने खूप सुधारली होती." आणि त्यांनी डोळे पुसले. नाताळात थुंकलेला माणूस! मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

चार बाटल्यांनंतर डोमिंगला शंका आली. "काय हो, त्याने भरल्याच नसल्या तर? सगळ्याच कंपनीच्या असल्या तर?"

"मग चव दोन तऱ्हेची का लागते?" मास्तर म्हणाले.

"ती बर्फामुळे."

"बर्फ एकच आहे, गाढवा."

"मग सगळ्याच मनोंगच्या असतील."

"त्याला जर एवढी चांगली जमली असती तर मी मेलो असतो!" मास्तर म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते कळून ग्लासातला बर्फ हलवायला लागले.

माझ्या जिभेवर तर काहीच ठरेना. चुलीकडची बाटली प्यायले की वाटायचं ही इतकी चांगली आहे, त्याची असती तर! भिंतीकडची प्यायले की वाटायचं ही त्याचीच, आपण आता तरी नावं ठेवू नयेत. मी 'छान आहे, छान आहे' म्हणत राहिले आणि ते खोटं बोलतेय याची मला लाज वाटत राहिली. फेलिसाने दोन्हींचा एकेक घोट घेतला.

"एवढी वर्षं संसार केला," ती म्हणाली, "आणि मला त्याची बिअर ओळखता येत नाही."

संध्याकाळपर्यंत चुलीकडे तेरा झाल्या, भिंतीकडे दहा. उठताना मास्तरांनी चुलीकडच्या एका बाटलीवर टिचकी मारली. "पुरिता, ट्रकवाल्याला सांग, या खेपेचा माल उत्तम होता. हाच पाठव म्हणावं."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी मी रिकाम्या बाटल्या दुकानामागे आणल्या, विसळल्या आणि पाणी निथळायला क्रेटमध्ये उलट्या घालायला लागले. भिंतीकडच्या दहा झाल्या. मग चुलीकडची पहिली उलटी केली.

बुडाला लाल ठिपका होता.

मला आधी काही वाटलं नाही, कारण माझ्या बाटलीला ठिपका असणारच. दुसरीला ठिपका. तिसरीला ठिपका. मग मी थांबले आणि त्या दहांकडे पाहिलं. दहाच्या दहा कोऱ्या. मी पायरीवर बसले. दोनदा उलटंसुलटं लावून पाहिलं, तरी डोक्यात शिरेना. एकाच क्रेटमधल्या बाटल्या, मग अर्ध्यांना ठिपका आणि अर्ध्यांना का नाही?

मग हळूहळू उजेड पडला. ठिपका कारखान्यातल्या कढत पाण्यात टिकत नाही. दर आठवड्याला कोऱ्या बाटल्या येतात आणि मी नव्याने ठिपके देत बसते. कंपनीच्या बारा थेट ट्रकवरून त्याच्याकडे गेल्या, म्हणून कोऱ्या. ठिपक्यासकट भरलेली बाटली म्हणजे कारखान्यात गेलीच नाही. ती माझ्या भावाने आपल्या हाताने, परसातल्या नळावर धुतली. आपली बिअर त्याला कशी कळणार होती ते हे. माझ्याकडे बघून हसला होता तो याला.

राहिलेल्या बाटल्या मी भराभर उलट्या केल्या. चुलीकडच्या तेरांपैकी एक कोरी. बाराला ठिपका. मास्तरांनी टिचकी मारली होती तिलाही.

बाराच्या बारा! मी तशीच ओल्या हातांनी फेलिसाकडे धावले. ती देव्हाऱ्यासमोर बसली होती. पान अजून तसंच होतं, ग्लासातला फेस कधीच बसला होता.

"जमली होती ग त्याला!" मी म्हणाले. "यंत्राची म्हणून जी वाखाणली ना, ती सगळी त्याची होती. आपण दया दाखवली ती कंपनीच्या बिअरवर!" आणि मला रडू फुटलं. नाताळात बोललेलं आता परत घेता येत नव्हतं, आणि ते ऐकणारा कालच निघून गेला होता.

फेलिसाने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग पानाशेजारची बाटली उचलली आणि तिचं बूड पाहिलं. काच स्वच्छ होती.

त्याची सगळी आम्ही पिऊन बसलो होतो. त्याच्यापुढे ठेवली होती ती कंपनीची.

मला वाटलं, आता ही कोसळणार. पण तिने बाटली होती तिथे ठेवली, ग्लास थोडा पुढे सरकवला आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"असू दे," ती म्हणाली. "चाखू दे त्यालाही. कोणाला हरवलं ते कळू दे."

दुकानावर ट्रकचा हॉर्न वाजला. मी डोळे पुसून खाली गेले. ठिपक्याच्या बारा बाटल्या मी आधी आत नेऊन फळीवर, साबणांच्या मागे ठेवल्या, तेरावी देव्हाऱ्यापुढेच होती, आणि मग क्रेट पुढे केला.

ट्रकवाल्याने बोटाने मोजलं. "मनांग, तेरा कमी."

"माझ्या भावाने नेल्या," मी म्हणाले.