एका सुरात एकोणीस

एकोणीसचा पाढा शिकवायचा तर घोळक्यातच शिकवावा, असं संजीवनी मॅडमचं पक्कं मत होतं. एकट्याला म्हणायला लावलं की पोरगं ‘एकोणीस सक’ला हमखास अडकतं. तीस जणांत कोणी अडकत नाही. ज्याला येत नाही तो नुसते ओठ हलवतो, आणि ओठ हलवता हलवता एक दिवस पाढा त्याच्या जिभेवर येऊन बसतो. जानेफळजवळच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मॅडमनी वर्षानुवर्षं हेच केलं. शनिवारी शाळा सुटायच्या आधी दुसरी-तिसरीचा अख्खा वर्ग व्हरांड्यात उभा करायचा, पाढे म्हणून घ्यायचे आणि मगच घंटा द्यायची. त्या आवाजावर गावातल्या बाया तव्यावर भाकर टाकायच्या.

मग कोरोना आला, शाळेला कुलूप लागलं आणि मॅडमचा वर्ग मोबाईलमध्ये शिरला.

मॅडम राहायच्या मेहकरात. नवरा, हिंमतराव, डायलिसिसवर. बाहेरच्या कोणाचं वारंसुद्धा लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मॅडमनी रीतसर परवानगी काढली आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून रोज संध्याकाळी सहाला वर्ग भरवायला लागल्या.

पहिल्याच आठवड्यात मोठ्या हौसेनं त्यांनी पाढा घेतला, आणि झाली फजिती! एकाचा आवाज आत्ता, दुसऱ्याचा मागाहून; कोणी ‘दुणे’वर, कोणी ‘चोक’वर, आणि एक जण अजून “मॅडम, आवाज येऊन राह्यला का?” यावरच. पत्र्यावर गारा पडाव्या तसा नुसता तडतडाट. मॅडमनी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून नियम झाला, एकानं बोलायचं, बाकीच्यांनी म्यूट.

“म्यूट करा रे,” त्या वर्गात दहादा म्हणायच्या, आणि वर पुटपुटायच्या, “सगळे एका जागी असता ना, तर म्हटला असता एका सुरात.” जन्मभर ‘मोठ्यानं म्हणा’ सांगितलेल्या बाईवर पोरांची तोंडं बंद करायची पाळी आली होती. त्यांना स्वतःचाच राग यायचा.

तसं सगळंच वाईट होतं असं म्हणणं म्हणजे खोटं. ऋत्विक आईबापासोबत सांगलीकडे ऊसतोडीला गेला होता. दरवर्षी तो दिवाळीनंतर जायचा आणि उन्हाळ्यात अक्षरं विसरून परत यायचा. यंदा उसाच्या फडाजवळच्या कोपीतून, पाचटाच्या झोपडीतून, तो रोज वर्गात होता. आणि मलिहा! बांगड्यांची गाडी लावणाऱ्या शाकिरभाईंची ही पोरगी शाळेत तोंडातून ब्र काढत नसे. पाढ्यात तिचे नुसते ओठ हलतात, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं. लपायला घोळका उरला नाही आणि तिला कंठ फुटला. मोबाईल बापाचा आणि बाप बाजारात, म्हणून ती गाडीमागे बसून शिकायची. माईक बंद करायला मात्र नेमकी विसरायची. मग गुणाकार चालू असताना सगळ्या वर्गाला शाकिरभाई ऐकू यायचे, “ताई, हात ढिला सोडा जरा!”

एके दिवशी मॅडमच्या खिडकीखालून घंटागाडी गाणं वाजवत गेली. जरा वेळानं तेच गाणं मोबाईलमधून आलं. मॅडम शिकवता शिकवता थांबल्या.

“मॅडम, मी आज मेहकरच्या बाजारात आली,” मलिहा म्हणाली. “तुमचं घर कुठी हाय? येऊ का?”

पोरगी दोन गल्ल्यांपलीकडे बसली होती. मॅडमनी आतल्या खोलीकडे पाहिलं. हिंमतराव नुकतेच डायलिसिसहून येऊन पडले होते.

“लांब आहे गं,” त्या म्हणाल्या. “खूप लांब.”

वर्ग संपल्यावर त्या कितीतरी वेळ खिडकीत उभ्या राहून रस्त्यानं जाणारी प्रत्येक लहान पोरगी न्याहाळत होत्या.

जानेवारीअखेर त्या निवृत्त होणार होत्या. पाचवीपासूनचे वर्ग उघडले, तिसरीचं कुलूप तसंच राहिलं. गंमत म्हणजे पोरं काही एकमेकांपासून लांब नव्हती. गावात दिवसभर एकत्रच हुंदडायची, एकाच बोरीखाली बोरं वेचायची. ताटातूट झाली होती ती फक्त मॅडमची. त्यांना हार नको होता, शाल-नारळ नको होतं. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, एका सुरात एकोणीस ऐकायचा होता. त्यासाठी जीव तुटत होता.

“माह्यापायी अडकून पडली तू,” हिंमतराव म्हणाले.

“असं काऊन बोलता?” मॅडम म्हणाल्या. पण खोटं नव्हतं ते, आणि दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटचा वर्ग शनिवारी. मॅडम नवी साडी नेसून पिठाच्या डब्यासमोर बसल्या. सहा वाजले. पडद्यावर दोनच चौकोन उघडले, मलिहा आणि ऋत्विक. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तिसरा येईना. आजच्या दिवशीसुद्धा?

“मलिहा, बाकीचे कुठं गं?”

मलिहानं मोबाईल वळवला. शाळेचा व्हरांडा! समोर शाकिरभाईंची गाडी लावलेली, तिच्यावर मोबाईल, आणि पायऱ्यांवर उंचीप्रमाणे अख्खा वर्ग उभा, शनिवारी असायचा तसा.

“मॅडम, आमी सगळे एकाच फोनवर आलो,” मलिहा म्हणाली. “आता आवाज मांगंपुढं होत नाही ना?”

आणि व्हरांडा दणाणला, “एकोणीस एके एकोणीस! एकोणीस दुणे अडतीस!”

मॅडमना राहवलं नाही. त्याही खणखणीत आवाजात म्हणायला लागल्या. पण त्यांचा ‘दुणे’ तिकडे पोचला तेव्हा पोरं ‘त्रिक’वर होती. पुढची रांग गोंधळली, मागची थांबली, सूर फाटला. मॅडम चरकल्या. इतक्या दिवसांनी मिळालेलं आपणच नासवतोय की काय!

तेवढ्यात त्यांची नजर दुसऱ्या चौकोनाकडे गेली. कोपीच्या अंधुक उजेडात ऋत्विक ताठ उभा होता. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. आठ वर्षांच्या पोरानं, कोणी न सांगता, आपला माईक बंद केला होता.

मॅडमनी डोळे पुसले.

“पुन्हा पहिल्यापासून म्हणा,” त्या म्हणाल्या, “मोठ्यानं!” आणि त्यांनी स्वतःचा माईक बंद केला.

व्हरांडा पुन्हा दणाणला. या वेळी सूर फाटला नाही, ‘सक’लासुद्धा कोणी अडकलं नाही, आणि सगळ्यांत वरचा आवाज मलिहाचा होता. मेहकरच्या स्वयंपाकघरात संजीवनी मॅडम ताठ उभ्या राहून नुसते ओठ हलवत होत्या.