रिकामा खिळा

मित्रांनो, पाणी प्यायला तुम्ही नळाशी रांग लावता ना, तिथेच तुमच्या डोक्यावर एक हिरवा लाकडी फळा टांगलेला आहे. डाव्या कोपऱ्याला चेंडू बसून खोक पडलेला. तोच मी, तुमच्या क्लबचा जुना गुणफलक. मला ना दिवे, ना तारा, ना भोंगा. तरीही चोवीस वर्षं मोठ्या हॉलमधल्या बास्केटबॉलचा एकेक गुण माझ्याच छातीवर लागला, आणि हे सांगताना माझी छाती अजून फुगते. सुतार म्हणतो, लाकूड ओलीनं फुगतं. म्हणू दे बापड्याला.

माझा जन्म हॉलच्या मागच्या दोन दारांतून झाला. नवी लोखंडी दारं आली तेव्हा जुनी जळणात जायची होती. सुतारानं ती वाचवली, रंधा मारून एकमेकांना जोडली. काम करताना तो माझ्याशी बोलायचा, "सरळ राहा रे, चारचौघं तुझ्याकडे बघणार आहेत." मग पाट्या रंगवणारा आला. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून त्यानं पिवळ्या पाट्या केल्या, त्यांवर काळे आकडे काढले आणि प्रत्येकीला वरती एक भोक पाडलं. माझा डावा भाग 'आपण', उजवा भाग 'पाहुणे'. वर सामन्याचे गुण आणि अगदी खाली खिळ्यांची एक छोटी रांग.

या खालच्या रांगेचं नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आमच्याकडे प्ले-ऑफची अंतिम मालिका पाच सामन्यांची असते. आधी तीन सामने जिंकेल त्याचा चषक. म्हणून दोन्ही बाजूंना शून्य, एक, दोन, तीन अशा चार पाट्या खालच्या खिळ्यांवर ओळीनं टांगलेल्या असायच्या. जेवढे सामने जिंकले ती पाटी उचलून वर लावायची. पाहुण्यांच्या चारही पाट्या झाल्या. आपल्या बाजूचा दोन रंगवून झाला आणि पत्रा संपला. रंगाऱ्यानं विचारलं, "साहेब, आपला तीन राहिलाय. उद्या करून देऊ का?" क्लबचे सचिव घाईत होते. म्हणाले, "लागेल तेव्हा बघू."

बावीस वर्षं तो लागला नाही, मित्रांनो. आमचा संघ काही अगदीच लेचापेचा नव्हता. आमच्या मुली पाच वेळा अंतिम मालिकेत पोहोचल्या, त्यात दोनदा त्यांनी दोन-दोन सामनेही घेतले. पण तिसरा दर वेळी नदीपलीकडच्या संघानं नेला. पाहुण्यांची तीनची पाटी इतकी हाताळली गेली की तिचा रंग दोनदा उजळावा लागला. आणि आपल्या बाजूचा चौथा खिळा मोकळाच राहिला. मोकळा खिळा दिसला की माणूस काहीतरी अडकवतोच. त्यावर घड्याळवाले काका आपली करडी लोकरी टोपी अडकवू लागले.

काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान हॉलच्या समोरच. पहिल्या सामन्यापासून माझ्या पाट्या बदलण्याचं काम त्यांच्याकडे. त्यांच्या हातून कधी आकडा चुकला नाही, कधी पाटी पडली नाही. माझं नाव राहिलं ते त्यांच्यामुळे. त्यांचा एकच दोष होता, त्यांना चांगलं काही होईल असं वाटायचंच नाही. पाहुण्यांनी चेंडू बास्केटच्या कडीकडे फेकला की तो आत जायच्या आधीच काका पाहुण्यांची पुढची पाटी हातात घेऊन तयार. आपल्या मुलींनी फेकला की मात्र चेंडू जाळीतून खाली पडेपर्यंत हात खिशात.

त्यांचे मेहुणे, म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ, बेकरी चालवायचे. काकांची मुलं त्यांना मामा म्हणायची, म्हणून सगळं शहर त्यांना मामा म्हणू लागलं. मामांना दर वर्षी वाटायचं की यंदा चषक आपलाच. दोघं माझ्याखालच्या बाकड्यावर शेजारी बसायचे आणि सामना संपेपर्यंत एकमेकांचं डोकं खायचे. मला ती भांडणं फार आवडायची.

तर त्या वर्षीची गोष्ट. मालिकेतला पहिला सामना आम्ही अठरा गुणांनी हरलो, दुसरा अकरा गुणांनी. आमच्या कोच दिवसा बंदरावर क्रेन चालवायच्या. उंचावर बसून मोठमोठे खोके अलगद जागेवर उतरवण्याचं काम. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. दुसरा सामना संपल्यावर दारात सचिवांनी त्यांना अडवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मॅडम, कमिटीनं ठरवलंय. मालिका गेली तर पुढच्या वर्षी नवा कोच." अकरा वर्षं त्या बाईनं या हॉलमध्ये घाम गाळला होता. कोचनी बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "चालेल. पण मालिका आम्ही जिंकतोय."

मग काय, शहराला विषय मिळाला. तिसरा सामना रविवारी होता. शनिवारी सकाळी सराव बघायला मंडळी जमली आणि माझ्याखाली वाद पेटला.

"ही हिंमत नाही मेहुणे, हा हेका आहे," काका म्हणाले. "दोन हरल्यात. एक अजून हरल्या की खेळ खलास. आणि बाई म्हणतात जिंकतोय!"

"अहो भाऊजी, पहिला अठरानं हरलो, दुसरा अकरानं. म्हणजे सातानं सुधारलो की नाही? असंच चाललं तर उद्या चारनं हरू, आणि चौथ्याला..."

"चौथा होणारच नाही! उद्या हरलो तर चौथा कुठून आणता? भट्टीतून?"

सगळे खो खो हसले. मामाही हसले, पण मान हलवत म्हणाले, "कोचच 'जिंकतोय' म्हणाल्या नाहीत, तर पोरींनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? तुमच्या?"

एवढ्यात कोच आल्या. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते काकांच्या पुढ्यात उघडलं. ती पिवळी पाटी होती आणि तिच्यावर काळ्या रंगात तीन. रंग नुकताच वाळलेला. म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या मुलीकडून त्यांनी ती करून घेतली होती.

"ही आपल्या बाजूच्या चौथ्या खिळ्यावर लावा," कोच म्हणाल्या.

काका पाटीकडे बघतच राहिले. "मॅडम, आत्ता? आपण शून्यावर आहोत. लोक हसतील. लागेल तेव्हा..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. "आणि मी माझी टोपी कुठं अडकवू?"

"काका, परवा लांबडीनं मला काय विचारलं माहितीये?" लांबडी म्हणजे आमची सगळ्यांत उंच खेळाडू. "म्हणाली, कोच, आपला तीन हरवला का? मी म्हटलं, हरवला नाही गं, कुणी केलाच नाही. टाइम-आउटला मुली पाणी पितात ना, तेव्हा समोर हा फळा असतो. पाहुण्यांच्या चार पाट्या, आपल्या तीन, आणि एक टोपी."

हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मित्रांनो. मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे की आपण कुणाची बाजू घेत नाही, असेल तेच दाखवतो. आणि बावीस वर्षं मी माझ्याच मुलींना रोज सांगत होतो की तुमच्याकडून कुणाची अपेक्षाच नाही.

कोचनी आणखी एक गोष्ट सांगितली. "आणि हेका नाही बरं का काका. नदीपलीकडचे सहाच जणींना खेळवतात. आपण अकराही जणींना खेळवतोय. दोन्ही सामन्यांत शेवटच्या दहा मिनिटांत आपले गुण जास्त आहेत. तुम्हीच लावलेत ते. त्यांचे पाय थकलेत."

पाटी घेऊन काकांनी चौथ्या खिळ्यावर लावून बघितली. ती डावीकडे कलली. भोक जरा बाजूला पडलं होतं. "वाकडी आहे," असं म्हणून त्यांनी ती काढली, खिशात घातली आणि टोपी पुन्हा खिळ्यावर अडकवली. कोच सरावाला निघून गेल्या.

रविवारचा तिसरा सामना आम्ही नऊ गुणांनी जिंकलो. शेवटच्या दहा मिनिटांत पाहुण्या मुली गुडघ्यांवर हात ठेवून उभ्या राहू लागल्या आणि आमच्या पळतच होत्या. काकांनी माझ्यावर आपला एक लावला. टोपी होती तिथेच होती.

बुधवारी चौथा सामना. मामा आले ते हसतच. बाकड्यावर बसायच्या आधीच त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "ऐका हो! काल मी भाऊजींच्या दुकानात गेलो. डोळ्याला भिंग, हातात बारीक कानस, आणि पुढ्यात काय, तर ती तीनची पाटी! जुनं भोक बुजवून नवं पाडत होते. मी म्हटलं, भाऊजी, लावायचीच नाही तर सरळ कशाला करताय?"

"वाकडी वस्तू माझ्याच्यानं बघवत नाही," काका पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते.

"कबूल करा की हो!"

"मेहुणे, सामना बघा."

त्या दिवशी काकांनी खिळ्यावर टोपी अडकवली नाही. ती मांडीवर ठेवली आणि खिशातून पाटी काढून चौथ्या खिळ्यावर लावली. अगदी सरळ, केसाचाही फरक नाही. टाइम-आउटला लांबडीनं बाटली तोंडाला लावली, माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्या मुलीला कोपरानं ढोसलं. मग दोघींनी बघितलं, मग सगळ्यांनी. मी जन्मभर लोकांच्या नजरा झेलल्या आहेत, पण तशी नजर माझ्या वाट्याला त्याआधी आली नव्हती. सामना आम्ही सहा गुणांनी घेतला. दोन-दोन.

शेवटच्या सामन्याला हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. गुण एकदा इकडे वाढायचे, एकदा तिकडे. मामांनी बोलणं बंद केलं होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. शेवटी आठ सेकंद उरले तेव्हा माझ्यावर आकडे होते आपण एकाहत्तर, पाहुणे सत्तर, आणि चेंडू पाहुण्यांकडे. त्यांच्या कप्तान मुलीनं कोपऱ्यातून चेंडू फेकला. मी कडीकडे बघितलंच नाही. मी काकांच्या हाताकडे बघत होतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पाहुण्यांची पाटी आधी उचलली नाही. दोन्ही हात खिशात घालून ते ताठ उभे होते.

चेंडू कडीवर फिरला, एकदा, दोनदा, आणि बाहेर पडला. लांबडीनं तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि भोंगा वाजला.

काय आरडाओरडा झाला! मामा बाकड्यावर चढले आणि रडू लागले. काकांना मात्र काम होतं. त्यांनी चौथ्या खिळ्यावरची पाटी काढली, बाहीनं पुसली आणि वर लावली. आपण तीन. पाटी अगदी सरळ बसली. मग ते कोचसमोर गेले आणि म्हणाले, "मॅडम, शनिवारी मी चुकलो." कोच म्हणाल्या, "भोक मात्र खरंच वाकडं होतं, काका." पुढच्या वर्षी नवा कोच आला नाही. त्या अजून आहेत.

मी तेवढा तिथे राहिलो नाही. दोन वर्षांनी मोठ्या हॉलमध्ये दिव्यांचा नवा फलक आला. मला खाली उतरवून अडगळीत ठेवलं. फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेले चेंडू यांच्या संगतीत मी एक अख्खं वर्ष काढलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. धुळीत पाट्यांच्या कडा गंजायला लागल्या होत्या. काका आता आजोबा झाले होते, पण तेच मला शोधत आले. त्यांनी माझी धूळ झटकली, पत्र्यांना तेल लावलं आणि मला इथे, तुमच्या लहान मैदानावर आणून टांगलं.

म्हणून एवढंच मागणं आहे, मित्रांनो. माझ्यावर मुद्दाम चेंडू मारू नका. ओल्या हातानं पाट्या ओढू नका, पत्रा लवकर गंजतो. आणि कधी कुणाकडून मोठ्या कामाची आशा धरलीत तर त्याच्यासाठी एक खिळा आणि एक पाटी आधीच तयार ठेवा. तो तुमच्या फळ्याकडे बघत असतो.

तुमची अंतिम मालिका पुढच्या वर्षी सात सामन्यांची करावी, असं कमिटीत नुसतं बोलणं चाललंय. सात सामने म्हणजे जिंकायला चार हवेत. गेल्या आठवड्यात घड्याळवाले आजोबा शिडी घेऊन आले आणि त्यांनी माझ्या खालच्या रांगेत दोन नवे खिळे ठोकले, एक तुमच्या बाजूला, एक पाहुण्यांच्या. दोन्हींवर पिवळ्या पाट्या लावल्या. चार आणि चार. सचिव तिकडूनच जात होते. ते थांबले आणि म्हणाले, "अहो, अजून ठरलं कुठाय? चार लागेल तेव्हा..."

"लागेल," आजोबा म्हणाले, आणि टोपी डोक्यावर घालून शिडी उतरले.